आधी वाचा, मग तपासा

समजा, चौथीतल्या एका मुलानं वहीत एवढंच लिहिलंय : "काल आमची शेळी मेली. आईनी जेवन केल नाही. बाबा मनले दुसरी आनू. मला दुसरी नको." वही तुमच्या टेबलावर आली. लाल पेनाचं टोपण निघालं, पाच ठिकाणी गोल पडले, खाली सही आणि तारीख. मुलगा वही घेऊन जागेवर जाऊन बसला. पुढच्या वेळी तो काय लिहील, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. "शेळी हा पाळीव प्राणी आहे. शेळीला चार पाय असतात. शेळी दूध देते." चूक एकही नाही आणि त्याचं स्वतःचं वाक्यही एकही नाही.

शुद्धलेखन शिकवू नका, असं मी म्हणणार नाही. त्याच्याबद्दल पुढे बरंच लिहायचं आहे. प्रश्न क्रमाचा आहे. मुलाची वही हातात घेणारा शिक्षक एकाच वेळी वाचकही असतो आणि परीक्षकही. परीक्षक आधी बोलला की वाचकाला बोलायची संधीच मिळत नाही. ज्या वर्गात मुलं मोकळेपणानं लिहितात, तिथे वाचक आधी बोलतो. बाकीच्या सगळ्या युक्त्या या एका गोष्टीच्या आधारानं चालतात.

वाचक म्हणून बोलायचं म्हणजे काय करायचं? "छान", "सुंदर", "शाब्बास" यांनी काही साधत नाही. प्रत्येक वहीत तोच शेरा दिसला की मुलांना त्याची किंमत कळते. त्याऐवजी मुलानं लिहिलेलंच त्याला सांगा : "आई जेवली नाही, हे तू लिहिलंस ना, तिथे मी थांबले. तुमच्या घरात काय झालं असेल ते दिसलं मला." मग एकच प्रश्न विचारा, आणि तोही खरोखर तुम्हाला उत्तर हवं असलेला. शेळीला काय झालं होतं? तिला काय म्हणून हाक मारायचा? तिला चारायला कोण न्यायचं? मूल तोंडानं उत्तर देऊ लागलं की म्हणा, "हेच लिही की." बहुतेक मुलं तिथल्या तिथे आणखी चार-पाच ओळी लिहून आणतात. दोन-तीन प्रश्न विचारले तर मात्र ती गोंधळतात आणि उलटतपासणी चालल्यासारखं त्यांना वाटतं. मोह होतो, पण एकावर थांबा.

आता कुणीही शिक्षक विचारेल, की वर्गात छत्तीस पोरं आहेत, तास पस्तीस मिनिटांचा, हे सगळं करायचं कधी? रास्त प्रश्न आहे. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण ठरवलं असलं, तरी दोनशिक्षकी शाळेत एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता सांभाळणाऱ्याला त्या आकड्याचा आधार किती वाटणार? म्हणून हिशेब आधीच मांडलेला बरा. रोज पंधरा मिनिटं सगळ्यांनी लिहायचं आणि रोज फक्त सहा मुलांशी बोलायचं. शाळा आठवड्यातून सहा दिवस भरत असेल तर छत्तीस मुलं आठवड्यात एकदा होतात. दर मुलाला दीड-दोन मिनिटं मिळतात, तेवढी पुरतात. उरलेल्या तीस वह्या त्या दिवशी वाचायच्या नाहीत, आणि त्याचा अपराधही वाटून घ्यायचा नाही. कोणाची पाळी कधी हे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं, की पाळी असलेली मुलं आदल्या दिवसापासून तयारीत असतात.

या पंधरा मिनिटांत शिक्षकानंही लिहावं. आठवड्यातून एकदा तरी फळ्यावर, मुलांच्या देखत. "काल एसटी बंद पडली" असं वाक्य लिहा, ते आवडलं नाही म्हणून खोडा, "काल घाटात एसटीनं मान टाकली" असं करा, तेही जरा जास्तच वाटलं तर तसं मोठ्यानं म्हणा आणि पुन्हा बदला. मोठ्या माणसाला खाडाखोड करताना मुलांनी जवळजवळ कधीच पाहिलेलं नसतं. पाठ्यपुस्तकातले धडे जन्मतःच असे गुळगुळीत उतरतात, अशीच त्यांची समजूत असते. त्यामुळे एक शब्द खोडावा लागला की पान फाडून नव्यानं सुरुवात करणारी मुलं प्रत्येक वर्गात सापडतात.

त्यासाठीच वह्या दोन हव्यात. एक रफ वही. तिच्यात लाल पेन कधीही उतरणार नाही. दुसरी पक्की वही. तिच्यात महिन्यातून एखादंच लेखन जाईल, आणि तेही मुलानं स्वतः निवडलेलं. हे सांगायला सोपं आहे, निभावायला अवघड. विस्तार अधिकारी भेटीला येतात आणि न तपासलेल्या वहीकडे बोट दाखवतात. पालक दारात उभे राहून विचारतात, "बाईंनी वही बघितलीच नाही का?" यावर उपाय आहे, पण तो जूनमध्येच करावा लागतो. रफ वहीच्या पहिल्या पानावर मुलांकडूनच लिहून घ्या : "ही लेखनाचा सराव करायची वही आहे. इथे खाडाखोड असेल." जे लेखन वाचलंत, ज्याबद्दल बोललात, त्याच्याखाली तारीख आणि आद्याक्षरं टाका, म्हणजे वही पाहिल्याची नोंद राहते. आणि पहिल्या पालकसभेत एकाच लेखनाचे तीन खर्डे शेजारी शेजारी दाखवा. चार ओळींचं लेखन दीड पानाचं कसं झालं आणि चुका कोणत्या टप्प्यावर दुरुस्त झाल्या, हे डोळ्यांनी पाहिलं की पालकांना वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

विषयांचं काय? "पावसाळ्यातील एक दिवस", "माझी अविस्मरणीय सहल", "मी पंतप्रधान झालो तर", "फाटक्या पुस्तकाचे मनोगत" हे विषय पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत, आणि त्यांची उत्तरंही. निबंधाच्या पुस्तकातून उतरवणाऱ्या मुलाला आपण आळशी म्हणतो. माझं मत वेगळं आहे. ते मूल घाबरलेलं असतं. छापलेलं वाक्य चुकत नाही, ही त्याची खात्री असते. शिवाय जो कधी सहलीला गेलाच नाही, त्यानं अविस्मरणीय सहल आणायची कुठून? त्याला विषय असा द्या, की ज्याचं उत्तर कुठल्याच गाईडमध्ये नाही. आमच्या घरी सकाळी सगळ्यात आधी कोण उठतं आणि काय करतं. रात्री लाईट गेली की आम्ही काय करतो. बाजारात आईनं भाव कसा पाडला. मला येणारं एक काम, आणि ते दुसऱ्याला शिकवायचं तर कसं. गोवऱ्या थापणं, जाळं विणणं, पंक्चर काढणं, लहान भावाला झोपवणं, काहीही चालेल. शेवटचा विषय मला विशेष आवडतो. वर्गात एरवी गप्प असलेली मुलं त्यात एकदम तज्ज्ञ होतात आणि बाकीचे त्यांना शंका विचारू लागतात.

लिहिण्याआधी पाच मिनिटं शेजारच्याला सांगायला लावा. ज्याला तोंडानं सांगता आलं, त्याला लिहिताना "आता काय लिहू?" हा प्रश्न कमी पडतो. आणि रफ वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येकानं आपल्या विषयांची यादी ठेवावी. भांडण, ताप, जत्रा, चोरून खाल्लेली कैरी, जे जेव्हा सुचेल तेव्हा. तरीही कुणी उतरवून आणलंच तर रागावू नका. त्यातलं एक वाक्य घ्या आणि विचारा, "हा 'निसर्गाचा हिरवा शालू' तू कुठे पाहिलास? मलाही सांग." त्याला काही सांगता आलं नाही, तरी त्यात ओरडा नसल्यामुळे पुढच्या वेळी तो स्वतःचं एखादं वाक्य मध्ये घालून बघतो.

मग येतो घरच्या भाषेचा प्रश्न, आणि इथे जरा थांबायला हवं. जळगाव-धुळ्याकडचं मूल घरी अहिराणी बोलतं, सिंधुदुर्गातलं मालवणी, डहाणू-तलासरीतलं वारली, मेळघाटातलं कोरकू. नागपूर-अमरावतीकडे "मला"चं "मले" होतं. शाळेत पाऊल टाकताच ही सगळी भाषा "अशुद्ध" ठरली, तर मुलाकडे उरतं काय? पाठ्यपुस्तकातून उचललेली वीस-पंचवीस वाक्यं. आपण बहिणाबाई चौधरींच्या कविता वर्गात तन्मयतेनं शिकवतो. त्या खानदेशातल्या लेवा बोलीतल्या आहेत. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरच्या माणसांनी उतरवून घेतल्या आणि मुलगा सोपानदेव यांच्यामुळे 1952 साली पुस्तकरूपानं लोकांसमोर आल्या. धड्यात त्यांच्या बोलीचं कौतुक करायचं आणि त्याच तासाला त्याच बोलीतल्या मुलाच्या वाक्यावर लाल रेघ ओढायची, यातली विसंगती मुलांना बोलून दाखवता येत नसली तरी कळते.

व्यवहारात काय करायचं? रफ वहीत घरच्या भाषेतला कोणताही शब्द चालेल, असं स्पष्ट सांगा. गोष्टीत आजी बोलत असेल तर ती जशी बोलते तसंच लिहू द्या. पक्क्या लेखनातसुद्धा संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण मराठीत, अशी वाटणी चौथीपासून मुलांना सहज जमते. एखादा शब्द तुम्हालाच कळला नाही, तर मुलाला अर्थ विचारा आणि वर्गाच्या भिंतीवर एका कागदावर तो लिहून ठेवा. बाईंना न येणारा शब्द आपल्याला येतो, याचा मुलाला केवढा अभिमान वाटतो ते तिथल्या तिथे दिसेल.

अक्षरंच अजून पक्की झालेली नाहीत, अशा मुलांनी लिहिण्यासाठी थांबायची गरज नाही. त्यांनी चित्र काढावं, त्याबद्दल बोलावं, आणि शिक्षकानं किंवा मोठ्या वर्गातल्या ताईनं ते जसंच्या तसं चित्राखाली उतरवावं. मग मुलानं आपलीच वाक्यं बोट ठेवून वाचावीत. आपण बोललेलं कागदावर असं दिसतं, हे त्याला एकदा कळलं की अक्षरं शिकायला कारण मिळतं. ही उतरवण्याची वाट कमीपणाची नाही. बहिणाबाईंची गाणीही अशीच आपल्यापर्यंत आली.

आता शुद्धलेखन. ते शिकवायचंच, पण लेखनाच्या शेवटच्या टप्प्यावर आणि एका वेळी एकच गोष्ट धरून. आठवडाभर सहा-सहा वह्या वाचताना वर्गात कोणती चूक सगळ्यात जास्त दिसते, ते एका चिठ्ठीवर टिपत राहा. एखाद्या आठवड्यात ती न-ण ची असेल, एखाद्या आठवड्यात शब्द जोडून-तोडून लिहिण्याची. शनिवारी दहा मिनिटं तेवढीच. शेळीच्या त्या चार वाक्यांत "जेवन" आणि "आनू" या दोन्ही चुका एकाच जातीच्या आहेत. दोन शब्द दाखवून "बोलून बघ, जीभ कुठे लागते?" असं विचारलं, तर मूल ती जात ओळखायला शिकतं. एकाच वेळी पाच गोल पडले, तर त्यातला एकही लक्षात राहत नाही.

ऱ्हस्व-दीर्घाचीही तशीच सोपी सुरुवात करता येते. शासनानं 1962 साली मराठी लेखनविषयक चौदा नियम मान्य केले आणि 1972 साली त्यांत आणखी चारांची भर पडली. हे अठराच्या अठरा चौथीच्या मुलावर ओतायची काही गरज नाही. शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ लिहायचा, हा एकच नियम घ्या : वही, पाटी, चाकू, लाडू, कवी, गुरू. अपवाद म्हणून "आणि", "परंतु" असे थोडे शब्द पाठ करून टाका. एवढ्या एका नियमानं मुलांच्या वहीतल्या कितीतरी चुका सुटतात. पाचवीत पुढचा : शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ, जसं खीर, गरीब, फूल, तूप. "गुण", "विष" असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद, ते मुलं वाचनातून हळूहळू उचलतात. प्रत्येक मुलानं आपल्या हमखास चुकणाऱ्या शब्दांची छोटी यादी वहीच्या मागे ठेवावी, आणि पक्क्या वहीत उतरवताना ती समोर उघडी असावी. चूक मुलानं स्वतः शोधावी. तुम्ही फार तर ओळीच्या कडेला पेन्सिलीनं टिंब द्या.

लिहिलेलं वर्गापुढे वाचून दाखवणं हा या सगळ्यातला सर्वांत आनंदाचा आणि सर्वांत नाजूक भाग. वाचणाऱ्यानं शिक्षकांच्या खुर्चीत बसावं, शिक्षकांनी मुलांच्यात. ऐकणाऱ्यांनी दोनच गोष्टी करायच्या : आपल्याला काय ऐकू आलं, काय लक्षात राहिलं ते सांगायचं, आणि एक प्रश्न विचारायचा. "चांगलं आहे", "वाईट आहे" असे निकाल द्यायचे नाहीत. "आज नको" म्हणायचा हक्क प्रत्येकाला असावा, आणि त्याचं कारण कुणी विचारू नये.

हशा झाला तर? विनोदी लेखनावर झाला तर उत्तमच. पण कुणाच्या घरावर, आडनावावर, कामावर, भाषेवर झाला, तर तिथल्या तिथे थांबवा. लांबलचक प्रवचन नको, त्यानं ज्याच्यावर हसले त्याचीच आणखी शोभा होते. "मला पुढे ऐकायचं आहे" एवढं म्हणा, आणि हसणाऱ्यांशी नंतर, वेगळं बोला. सहावी-सातवीत चिडवाचिडवी वेगळ्या वळणाला जाते, तेव्हा काही लेखन फक्त शिक्षकांनी वाचायचं असतं, अशी सोय ठेवा. अशा पानाचा कोपरा मुलानं दुमडून द्यावा. आणि एक गोष्ट आपल्या माणसांसाठी : मधल्या सुट्टीत चहाबरोबर मुलांच्या वह्यांतल्या गमती वाचून दाखवायची सवय बऱ्याच शिक्षकखोल्यांत असते. ती सोडून द्यायला हवी. पोरांपर्यंत ते पोहोचतं, आणि मग दुमडलेल्या कोपऱ्याला अर्थ उरत नाही.

मुलं मोकळेपणानं लिहू लागली की कधीतरी एखाद्या वहीत असं काही येतं, की वाचणाऱ्याचा हात थरथरतो. घरातली मारहाण, उपासमार, कुणीतरी केलेला नको तो स्पर्श. त्याची तयारी आधीपासून हवी. वर्षाच्या सुरुवातीलाच मुलांना साध्या शब्दांत सांगून ठेवा : "तुमचं लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही. पण तुम्हाला कुणी त्रास देत असेल, तर मी गप्प बसणार नाही, मदत आणेन." कुणालाच सांगणार नाही, असं वचन देऊ नका. ते पाळता येणार नाही. लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, मुख्याध्यापकांना सांगून आपलं काम संपत नाही. इतर संकटात 1098 ही बालकांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. मुलाकडून खोदून खोदून तपशील काढू नका, वर्गात तर मुळीच नको. "तू लिहिलंस ते बरं केलंस" एवढं त्याला त्याच दिवशी ऐकू यायला हवं.

मुलांच्या लेखनाला वर्गाबाहेरचे वाचक मिळवून देणं ही काही आजची कल्पना नाही. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत. त्याच सुमारास, 1924 साली, फ्रान्समध्ये बार-सुर-लू या गावच्या सेलेस्तँ फ्रेने नावाच्या प्राथमिक शिक्षकानं वर्गात हातानं चालवायचा छोटा छापखाना आणला. पहिल्या महायुद्धात फुफ्फुसाला जखम झाल्यानं त्याला फार वेळ बोलून शिकवणं झेपत नसे. मुलं आपापली मनानं लिहिलेली पानं स्वतः खिळे जुळवून छापत आणि दूरच्या शाळेतल्या मुलांना पाठवत, तिकडची पानं इकडे येत. कोकणातल्या शाळेनं मराठवाड्यातल्या शाळेला महिन्यातून एक लिफाफा पाठवायला आज छापखानाही लागत नाही. समुद्र न पाहिलेल्या मुलाला समजेल असं लिहायचं म्हटलं, की "सविस्तर लिही" हे वेगळं सांगावं लागत नाही. ऊसतोडीला आईबापांबरोबर जाणाऱ्या मुलांचं लेखनही अशा टपालात धरता येतं. ती फडावरून परत येतात तेव्हा भिंतीवर त्यांचं पान त्यांची वाट बघत असावं.

हस्तलिखिताबद्दल एकच तक्रार. 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन किंवा 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की वर्गातल्या चार सुंदर अक्षरवाल्या मुली बसवल्या जातात आणि त्यांच्याकडून सुविचार व कविता उतरवून घेतल्या जातात. सुंदर अक्षर म्हणजे लेखन, अशी गल्लत आपण फार लवकर शिकवतो. प्रत्येक मुलाचं एक पान, हा नियम करा. अक्षर वाचवत नसेल तर मित्रानं उतरवून द्यावं, पण नाव ज्यानं लिहिलं त्याचं. निबंध स्पर्धांचं फार मनावर घेऊ नका. त्यात दरवर्षी तीच तीन मुलं असतात, आणि कधी कधी त्यांचे पालक.

राहता राहिले गुण. रफ वहीला गुण द्यायचे नाहीत हे खरं, पण आकारिक मूल्यमापनात भाषेच्या नोंदी कराव्याच लागतात, आणि त्यासाठी तिच्याइतका चांगला पुरावा दुसरा नाही. सत्राच्या शेवटी प्रत्येक मुलाला जूनमधलं एक आणि आत्ताचं एक असं दोन वेळचं लेखन निवडायला सांगा. खाली त्यानंच लिहावं : यात काय बदललं, आणि अजून काय जमत नाही. "आता मी बोललेलं लिवतो", "मला शेवट करता येत नाही" अशी वाक्यं येतील. तुमची नोंद त्या वाक्यांवरूनच करा, आणि पालकांना प्रगतिपुस्तक देताना ती दोन पानंही सोबत द्या.